गफूरभाईच्या मोटारीचं टोपडं

गफूरभाईनं माझ्या तुटक्या बोटाले खोळ शिवली, त्या दिवसापासून मी त्याच्यावर जळतो.

बोट माझं जिनानं खाल्लं. वाशीमच्या एका सरकी काढायच्या जिनात मी तीस वर्सं तेलवाला होतो. म्हणजे कापसाच्या मशिनी फिरत असताना त्यांच्या गेरांमधी तेल सोडायचं काम. एका गेरावरचं झाकण कोणीतरी काढून ठेवलं अन् परत लावलं नाही. डाव्या हाताचं पहिलं बोट अर्धं गेलं. मी काही रडलो-बिडलो नाही. मालेगावले घरी आलो, चिंधी बांधून ओट्यावर बसलो. जखम सुकली तसा शेजारचा गफूरभाई आला. बोटाकडं पाह्यलं अन् तोंड असं केलं, जसा मी धोतर सोडून बसलो होतो.

"शामराव," म्हणे, "हे असं नंगं नको ठेवू."

दुसऱ्या दिवशी खोळ हजर. निळ्या साटीनची, आत कापूस, तोंडाशी बारीक नाडी. गादीले खोळ असते, उशीले असते. बोटाले खोळ मी जन्मात पाह्यली नव्हती. अन् बसली कशी? जसं बोट पुन्हा उगवलं. माझी बायको सुभद्रा ती खोळ उलटीपालटी करून पाहे अन् हसे. "पाहा," म्हणे, "याले म्हंतेत हात!" माझा हात तिच्यासमोरच होता, अर्ध्या बोटाचा. त्याच्याकडं तिनं पाह्यलं नाही.

मी ती खोळ कधी घातली नाही. फेकलीही नाही.

गफूरभाई जातीचा पिंजारी. कापूस पिंजायचा, गाद्या-रजया भरायच्या. उंच, वाळका माणूस, दाढी त्याच्याच कापसाची असावी अशी. सकाळी त्याची पिंजण वाजू लागली की गल्लीतल्या बाया चहाचं आधण ठेवत. पण धंद्यापुरतं शिवून त्याचं मन कधी भरलं नाही. उघडी वस्तू त्याले पाह्यवतच नसे. कंदिलाले खोळ, छत्रीले खोळ, सायकलच्या घंटीले खोळ. दाराच्या कुलपाले खोळ होती अन् तिले दोन बटणं. घरात जायचं तर आधी कुलपाची बटणं सोडा, मग किल्ली लावा. बकरीच्या दोन्ही शिंगांले लाल खोळा. बकरी गल्लीतून नवरीसारखी चाले अन् दुसऱ्याच्या दारात घुसून पीठ खाये.

कोणी हसलं की म्हणे, "हर चीजेले आबरू अस्ते, भाऊ." अन् कोणी दुसऱ्यानं शिवलेली खोळ दाखवली, की बोटानं कडा चाचपून बघे अन् म्हणे, "घातली चांगली. बसली नाही. घालनं अलग, बसनं अलग."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की झोपेत कोणी म्हटलं तरी मले राग येईल.

त्याची बायको लवकर गेली. पोरगा रशीद आमच्याच घरी जेवून मोठा झाला. आम्हाले मूलबाळ नव्हतं. सुभद्रा त्याले भाकर चुरून दे, तो तिले काकू म्हणे. मी समोर बसलेला असे, पण ताट पह्यलं त्याचं. पोट्टं मोठं झालं, मुंबईले गेलं, तिथून कुवेतले. गफूरभाईच्या भिंतीवर त्याचा फोटो लागला. फोटोले खोळ होती हे काय सांगायचं? शुक्रवारी तेवढी काढे.

मग सुभद्रा आजारी पडली. दोन महिने अंथरुणाले खिळली. गफूरभाईनं तिची गादी तीन वेळा उसवली, पिंजली अन् पुन्हा भरली. पैसे विचारले तर उठून गेला. ती म्हणे, "गफूरदादाची गादी, माय वो! पाठीले कळतच नाही पाठ हाय म्हनून." मी रातंदिवस तिचे पाय दाबले. पायाले काय कळलं, ते ती कधी बोलली नाही.

ती गेली त्या दिवशी गफूरभाई गल्लीत उभा राहून मोठ्यानं रडला. मी रडलो नाही. मले जमलंच नाही. माझी समजूत घालायले आलेले लोक आधी त्याच्यापाशी थांबले, त्याच्या पाठीवर हात ठेवला, त्याले पाणी दिलं. माझ्यापर्यंत आले तवर त्यांच्याजवळचं बोलणं संपलेलं होतं. विहारात तिच्यासाठी वंदना झाली तेव्हाही तो दाराशी टोपी घालून बसून होता. सगळ्यांनी ते पाह्यलं.

घरात तिचं म्हणून मी एकच ठेवलं. तंबाखू भाजून ती मशेरी करे अन् दाताले लावे. त्या मशेरीची पितळेची डबी, घुमटासारख्या झाकणाची. कोनाड्यात होती, तिथंच राहू दिली.

आता मोटारीचं सांगतो.

आणीबाणी उठल्यानंतरचा दुसरा उन्हाळा. कुवेतहून सुट्टीवर आलेला रिसोडचा एक माणूस गफूरभाईच्या दाराशी खोका ठेवून गेला. रशीदनं पाठवलेला. खोक्यातून मोटार निघाली. लाल, हातभर लांब, पाळण्यातल्या लेकराएवढी. चाकं कवठाएवढी, रबराची. सोबत एक डबडं, त्याले वर उभी लांब तार. डबड्यावरची दांडी हलवली की मोटार दहा हातांवरून चाले, वळे, मागं ये. मधी दोरी नाही, काही नाही.

"रेडिओवर चालते," गफूरभाई म्हणे.

झालं. अर्धं मालेगाव त्याच्या ओट्यावर. एकानं विचारलं, गाणी लागतेत का? एक म्हातारी चाकाले कान लावून बसली, बातम्या केव्हा होतेत म्हणून. माझ्या ओट्यावर मी अन् एक कुत्रं. थोड्या वेळानं कुत्रंही तिकडं गेलं.

टपालवाला नामदेव आला. गफूरभाईले लिहिता-वाचता येत नाही. त्याची पत्रं नामदेवच वाची अन् नामदेवच लिही. तर नामदेवनं मोटार पाह्यली अन् टोपी मागं सारली.

"गफूरचाचा, रेडिओवर चालते म्हंता?"

"हो."

"मंग लायसन काढा लागन. रेडिओ म्हनला की पोस्टातून लायसन लागते."

"काढू ना."

"कितीक बँडचा हाय?"

गफूरभाईनं विचार केला. "दोन. मांगं अन् पुढं."

नामदेवनं ते खरंच वहीत लिहून घेतलं. पोस्टात जाऊन विचारलं, तवा तिथले लोक हसले म्हणतात. लायसन काही निघालं नाही. पण पोस्टात विचारणा झालेली मोटार म्हणून तिचा भाव आणखी वाढला.

मी तीन दिवस तिकडं पाह्यलं नाही. चौथ्या दिवशी कानानं दगा दिला. मोटार माझ्या ओट्यासमोरून गेली अन् पोटातून आवाज आला, कर्र. गफूरभाईले कळला नाही, कोणालेच कळला नाही. मले कळला. मी उठलो, मोटार उचलली अन् उलटी केली. मागच्या चाकांपाशी दोन पांढरे गेर, एक लहान, एक मोठा, एकमेकात दात घालून बसलेले. अन् वर काही नाही. उघडे. गल्लीची काळी माती वंगणाले चिकटून दातांमधी गेलेली.

"गफूरभाई," मी म्हटलं, सगळ्यांच्या समोर म्हटलं, "तुह्या मोटारीचा गेर नंगा हाय."

त्याचं तोंड पाह्यलं अन् त्या दिवशी मी पोटभर जेवलो. सुभद्रा गेल्यावर पह्यल्यांदा.

"झाकन कुठं गेलं याचं?" मी विचारलं.

"वाटेत कुठं पडलं असन," तो म्हणाला अन् मोटार माझ्या हातातून घेतली. पोटाशी धरली, गेराची बाजू आत. "याले टोपडं पाह्यजे."

लहान लेकराच्या डोक्यावर घालतात ते टोपडं. झाकण नाही म्हणाला, कव्हर नाही म्हणाला. तेव्हापासून आम्ही टोपडंच म्हणू लागलो.

आता इथं पेच झाला. गेर म्हटला की मालेगावात माझ्याएवढं कोणाले कळत नाही. माझं अर्धं बोट त्यात गेलं आहे. अन् झाकायची गोष्ट म्हटली की गफूरभाई. वस्तू एक, मालकी दोघांची. मी त्याले सांगितलं, उघडा गेर म्हणजे दात झिजणार, अन् ह्या गेराचे दात लोखंडाचे नाहीत. एकदा गेले की कुवेतशिवाय मिळणार नाहीत. त्यानं मान हलवली. मी मनाशी ठरवलं, ह्या गेरावर झाकण बसन तर माझ्या हातचं. गल्लीनं एकदा म्हणावं, हात शामरावचा.

पह्यलं टोपडं त्याचं. साटीनचं, आत कापूस, माझ्या बोटासारखं. मोटार चार हात गेली अन् गेरानं साटीन ओढून घेतलं, चावलं, आतला कापूस पिंजून मागं टाकला. गल्लीत मोटार पुढं अन् कापसाची शेपूट मागं. मी हसून खाली बसलो.

दुसरं माझं, सायकलच्या ट्यूबचं. ते गरम होऊन चिकटलं. चांभाराकडून चामड्याचं आणलं, ते पाण्यानं कडक झालं. नारळाची करवंटी घासून लावली, मोटारीले ढुंगण आल्यासारखं दिसलं. पावडरच्या डब्याचं केलं, तर मोटार चालली की वरात आल्यासारखी वाजे. गुलाबी साबणदाणीचं केलं, ते मले तरी बरं वाटलं. गफूरभाईनं कडेवरून बोट फिरवलं.

"घातलं चांगलं. बसलं नाही."

"कुठं बसलं नाही?"

"हे पाह्य. इथून हवा जाते."

हवा जाते! जिनातल्या गेरांतून बैल गेला असता. पण ऐकतो कोण?

यातच पावसाळा सरला. मग आम्ही बाजाराच्या दिवशी बाजारात गेलो. तो मोटार घेऊन निघाला. झोळीत मोटार, झोळीले वरून खोळ. भांडेवाल्यापाशी गेलो, तो म्हणे कुकरची शिटी पाह्यजे काय? बांगडीवाल्यापाशी गेलो. शेवटी गफूरभाई एका बाईसमोर थांबला. केनवडची बाई, झबली-टोपडी मांडून बसे. गफूरभाईनं तिले कधी पाह्यलं नव्हतं, तिनं त्याले नव्हतं. मी जरा मागं होतो, पण सगळं ऐकलं.

"टोपडं पाह्यजे," गफूरभाई म्हणाला.

"केवढ्या लेकराचं, बाबा?"

यानं मूठ वळून दाखवली. "डोकं एवढं हाय."

"अगं माय! सातव्याच महिन्यात झालं काय?"

"लोकरीचं नको. दातात अडकते."

"दात? आत्ताच दात?"

"बारा लहान्याले, चाळीस मोठ्याले." हे दात मीच मोजून दिले होते.

बाईनं टोपडं खाली ठेवलं. "जुळं हाय काय हो?"

"दोन हायेत. पन एकाच टोपड्यात बसले पाह्यजे."

मी हसू दाबायले धोतराचा सोगा तोंडात घातला. बाई गफूरभाईकडं पाहत राह्यली, मग तिलेही हसू आलं. "आनंदानं डोक्सं फिरलं बाबाचं," शेजारणीले म्हणाली अन् मऊ आवाजात विचारलं, "नातू झाला काय, बाबा?"

मले वाटलं आता झोळी उघडन, मोटार दाखवन अन् सगळे हसतील. पण गफूरभाईनं झोळी उघडली नाही. झोळीवरची खोळ सरळ केली. मग म्हणाला, "हो."

माझं हसू तोंडातच राह्यलं.

बाईनं सगळ्यात लहान टोपडं काढलं, पांढरं, लाल गोंड्याचं. वरून एक काळा दोरा दिला. "पायात बांधा लेकराच्या. दृष्ट लागन," म्हणे. त्यानं दोन्ही हातांनी घेतला.

वाटेत मी बोललो, "खोटं काहून बोलला बे? रशीदचं लगीन तरी झालं काय?"

"तिनं विचारलं, म्या सांगतलं."

"नातू झाला म्हनून सांगतलं?"

"तुले काय तरास हाय, शामराव?"

तरास होता. त्याले मोटार होती, गर्दी होती, परदेशात पोरगा होता. आता एका शब्दात नातूही झाला. घरी जाऊन त्यानं काळा दोरा मोटारीच्या पुढच्या चाकापाशी बांधला. टोपडं गेरावर घातलंच नाही. गेर चावन म्हणे. ठेवून दिलं.

त्या आठवड्यात एका दुपारी मी पडलो होतो अन् नजर कोनाड्यात गेली. सुभद्राची डबी. घुमटासारखं झाकण. मी गेराचं माप दोऱ्यानं घेतलेलं होतं. दोरा खिशातच असे. उठलो, झाकणावर दोरा धरला. बरोबर. सूतभरही इकडं नाही, तिकडं नाही.

चार दिवस मी डबीले हात लावला नाही. पाचव्या दिवशी लावला.

आतली मशेरी पुडीत बांधली. झाकण पाटाच्या कडेले दाबून धरलं अन् लोखंड कापायच्या पात्यानं कापायले लागलो. चाकाच्या दांड्यासाठी एक खाच, स्क्रूसाठी दोन कान. पितळ कापताना आवाज करते. मी तिच्या नावानं म्हटलं, पाह्य आता हात कोनाचा हाय. अर्ध्या बोटानं पितळ धरवत नव्हतं, घसरे. दोनदा कापलं स्वतःलेच. कानशीनं कडा घासल्या, राखेनं पुसलं. झाकण सोन्यासारखं चमकलं. डबी उघडी पडली. पण मी तेव्हा डबीकडं पाहत नव्हतो.

गफूरभाईच्या ओट्यावर नामदेव होता, चार-पाच जण होते. मी मोटार मागितली, झाकण बसवलं, दोन स्क्रू आवळले. "चालव," म्हटलं.

मोटार गल्लीतून निघाली. धुळीतून गेली, कडुलिंबाले वळसा घालून परत आली. गेर चुप. इतका चुप की रबराची चाकं मातीवरून जाताना ऐकू आली. तीस वर्सं मी गेरांचं बोलणं ऐकलं. चांगलं झाकलेला गेर कसा असतो, ते मले कोणी शिकवायचं नाही.

"वा, शामराव!" नामदेव म्हणाला. "हात हाय बाप्पा!"

ते शब्द मी इतकी वर्सं ऐकायले बसलो होतो.

गफूरभाईनं मोटार उचलली, कानाशी धरली. पितळेवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. झाकणाकडं पाहत राह्यला. मग म्हणाला,

"नाही बसलं."

"काय?"

"घातलं चांगलं. बसलं नाही."

"कान फुटले काय बे तुहे? आवाज येते काय? हवा जाते काय?"

"नाही जात. पन नाही बसलं."

"अरे, तीस वर्सं म्या—"

"असन, शामराव."

"तुले दुसऱ्याचं चांगलं पाह्यवतच नाही!" मी ओरडलो.

ओट्यावर कोणीतरी खुसकन हसलं. हे वाक्य आम्हा दोघांपैकी कोणाले लागू पडते, ते गल्लीले माहीत होतं. मी झाकण त्याच्या मोटारीवरच टाकून घरी आलो अन् दार लावून घेतलं. कोनाड्यात डबी तोंड उघडून बसलेली. तिच्यावर काय घालावं मले सुचेना. शेवटी एक वाटी पालथी घातली. ती बसली नाही.

पंधरा दिवस आम्ही बोललो नाही. भिंतीपलीकडं त्याची पिंजण वाजे, तोही मले टोमणा वाटे.

शुक्रवारी दुपारी गफूरभाई नमाजले गेलेला होता. नामदेव माझ्या ओट्यावर पाणी प्यायले टेकला. मी त्याले सोडलं नाही.

"नामदेव, तू खरं सांग. झाकन बसलं होतं का नव्हतं?"

"बसलं होतं."

"मंग हा नाही काहून म्हंते?"

नामदेवनं तांब्या खाली ठेवला. "तुमाले कोनं सांगतलं, मोटारीचं झाकन वाटेत पडलं म्हनून?"

"त्यानंच."

"वाटेत नाही पडलं. मोटारीसंगं चिठ्ठी होती, म्याच वाचली ना. रशीदनं लेहलं होतं, गेरचं झाकन माह्या खोलीवरच राह्यलं, येतानी घेऊन येतो."



"तवापासून महिन्याच्या महिन्याले त्याचं पत्र लेहून राह्यलो मी. दर खेपेले मजकूर एकच. सारा बाजार पाह्यला, झाकन भेटत नाही. गेर झिजून राह्यला. तूच घेऊन ये." नामदेवनं थैली खांद्यावर टाकली. "नुसतं ये म्हनून लेहलं तर थो म्हंते, अब्बा, सुट्टी नाही. झाकनाचं लेहलं तर म्हंते, आनतो, आनतो. येईन म्हंते. आता तुमीच सांगा, बसलं म्हनून लेहू काय?"

"जा तू," मी म्हटलं. "तुले टपाल वाटायचं असन."

ते दोन दिवस मी कसे काढले ते सांगत नाही. एवढंच सांगतो, की गफूरभाईचा असा हेवा मले कधीच वाटला नव्हता. मोटारीचा नाही, पोराचा नाही. त्याच्याजवळ एक मागं राह्यलेलं झाकण होतं, ज्याच्यासाठी कोणाले तरी 'ये' म्हणून लिहिता येत होतं. माझं झाकण माझ्याच घरात होतं अन् मीच ते कापलं होतं.

तिसऱ्या दिवशी नामदेव पत्र लिहायले बसलेला दिसला. मी चपला घातल्या अन् गफूरभाईच्या ओट्यावर गेलो. त्यानं माझ्याकडं पाह्यलं नाही, पण चटईवर जरा सरकला. मी मोटार उचलली, उलटी केली. गेर उघडा होता. झाकण काढून टाकलेलं.

मी दोरा काढला, गेरावर धरला, डोळे बारीक केले.

"नामदेव," मी म्हटलं, "लेही. पितळेचंही करून पाह्यलं. सूतभर कमी पडलं."

नामदेवची लेखणी थांबली. गफूरभाईनं मान वर केली.

"सूतभर?" त्यानं विचारलं.

"दीड सूत. तवा ध्यानात नाही आलं माह्या. अन् हेबी लेही, नामदेव. जिनातला तेलवाला सांगते म्हना, ज्याचं बोट गेरात गेलं थो सांगते. असल झाकनाशिवाय ह्या मोटारीचं भागत नाही. जो बनवनारा असन त्याचंच झाकन पाह्यजे. लवकर पाह्यजे."

गफूरभाईनं माझ्या हातातला दोरा पाह्यला. मग दाढीवरून हात फिरवून म्हणाला, "म्या म्हनलंच होतं, नाही बसलं."

पाहा! तिथंही हाच खरा.

मग तो आत गेला अन् मुठीत काहीतरी घेऊन आला. माझ्या हातावर ठेवलं. लाल मखमलीची लहानशी खोळ, तोंडाशी एक मोत्याचं बटण. नव्या नवरीच्या रजईतून उरलेली मखमल असावी. बटण सोडलं. आत सुभद्राचं झाकण. खाच, दोन कान, सगळं. कडा मी घासल्या होत्या त्याहून गुळगुळीत केलेल्या.

"सुभद्राबाईची डबी हाय," तो म्हणाला. "पह्यल्याच दिवशी वळखू आली मले. नंगी कशी ठेवू?"

"वळखली तर मोटारीवर चालवली काहून?"

"तू कापून आनली होती, शामराव."

मी बटण लावलं. खोळ झाकणावर बसली होती. घातलेली नव्हती, बसली होती. हे मले त्याच्यासमोर कबूल करायचं नव्हतं, म्हणून मी गल्लीकडं पाहत बसलो.

नामदेवनं पत्र वाचून दाखवलं. घडी घालायच्या आधी सवयीनं विचारलं, "शामराव, तुमचं काही लेहायचं हाय काय, कोनाले?"

"माह्यं काय असनार? नाही."

"थांब, घडी नको घालू," गफूरभाई म्हणाला. "लेही. शामराव काकाचा सलाम. अन् लेही..." त्यानं चटईची कडा चाचपली. "लेही का तुही काकू नाही राह्यली. पोट्ट्याले सांगतलं नव्हतं म्या, तिथं एकटं रडन म्हनून. आता लेही. काका घरी एकटाच हाय. थोबी वाट पाहून राह्यला, म्हनून लेही."

"म्या कधी म्हनलं मी वाट पाहतो म्हनून?" मी म्हटलं.

"लेहलं," नामदेव म्हणाला अन् घडी घातली.

त्याले आता सहा महिने झाले. झाकण माझ्या सदऱ्याच्या खिशात असते, मखमलीसकट. डबीवर ते आता बसत नाही, अन् मोटारीवर बसवायचं नाही. मोटार आम्ही दोघं शुक्रवारी काढतो, गेराले हळूच फुंकर मारतो, चार हात चालवतो अन् पुन्हा गलेफ घालून ठेवतो. गेर झिजू द्यायचा नाही. कर्र आवाज आला पाह्यजे, पण दात गेले नाही पाह्यजे. हे कसब माझं आहे.

संध्याकाळी वाशीमकडून येस्टी येते. वळणावर भोंगा वाजला की आम्ही दोघंही ओट्यावर मान वर करतो. पह्यले त्याची होते, मग माझी. मी किती कान देऊन बसलो तरी पह्यले त्याचीच होते. तेही मले खपत नाही.